डबल : धमकीचा झाला प्रश्न
अकोला-अमरावतीत बोली म्हटलं की कापसाचा लिलाव आठवतो. तिथे बोली म्हणजे भाव. ब्रिजमध्ये बोली जोडीदाराला हातातली पानंही सांगते. पण समोरच्यांनी आधी तोंड उघडलं तर?

पूर्वी ‘डबल’ म्हणजे निव्वळ धमकी : तुम्ही बुडणार, दंड दुप्पट. १९१२-१३च्या सुमारास न्यूयॉर्कचे मेजर चार्ल्स पॅटन आणि सेंट लुईसचे ब्रायंट मॅककॅम्पबेल यांनी, आपापल्या गावी, त्याचा प्रश्न केला. समोरच्याने ‘एक इस्पिक’ म्हणताच दिलेला डबल जोडीदाराला सांगतो : पानं चांगली आहेत, इस्पिक कमी, उरलेल्या तिनांत तुझा रंग कुठला?

मेंढीकोटात डोळा मारला की भांडण. इथे खूण उघड. अर्थ विचारला तर प्रतिस्पर्ध्यांनाही सांगावा लागतो. धमकी कुणीही देईल. सगळ्यांदेखत मदत मागायला मात्र जोडीदारावर भरवसा लागतो.