एका दिवसाचा पोस्टमास्टर जनरल

मंत्रिपद स्वीकारले की आमदारकी सोडून पुन्हा मतदारांचा कौल घ्यायचा, अशी ब्रिटिश संसदीय रीत होती. सरकारी पगाराने प्रतिनिधी मिंधा होऊ नये, हा तिचा हेतू. कॅनडाच्या वसाहतीतही ती लागू होती.

ऑगस्ट १८५८ मध्ये जॉर्ज ब्राउन यांचे मंत्रिमंडळ शपथ घेताच त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि दोनच दिवसांत सरकार पडले. ब्राउन टोरांटोत पोटनिवडणूक लढून जिंकले. परतलेले मॅकडोनाल्ड व कार्टिए मात्र मतदारांपुढे गेलेच नाहीत. राजीनाम्यानंतर महिन्याभरात दुसरे पद घेतल्यास पोटनिवडणूक माफ, अशी कायद्यात सवलत होती. म्हणून मॅकडोनाल्ड ६ ऑगस्टला पोस्टमास्टर जनरल झाले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा जुन्या ॲटर्नी जनरलपदावर! न्यायालयानेही ते वैध ठरवले.

कायद्याचे अक्षर पाळले, हेतू मारला. संविधानिक नैतिकता उपजत नसते, ती रुजवावी लागते, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले, ते अशाच पळवाटांसाठी लागू पडते. म्हणून पक्ष बदलून मंत्री होणाऱ्यांना आम्ही विचारतो: कायदेशीर असेल, पण मतदारांना विचारले का?