नावं ठेवणारं घर

आजीला थोरले भाऊ पाच, पण तिने डोळ्यांनी पाहिला तो एकच आणि त्याचं नाव धोंडू. आधीचे चौघे वर्षाच्या आत गेले. त्यांतल्या दोघांचं बारसंही झालं नव्हतं. पाचवा झाला तसं पणजीने त्याला शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि पसाभर कोंडा मोजून तिच्याकडून परत विकत घेतलं. चार घरी मागून आणलेल्या जुनेऱ्यांचं झबलं शिवलं आणि पाळण्यात नाव घेतलं धोंडू. चांगलं ते देव नेतो, धोंडा कोण उचलून नेणार, असा पणजीचा हिशेब. हा धोंडा ऐंशी वर्षं टिकला. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो. वाईहून आमच्याकडे यायचे तेव्हा ओसरीवर बसून कोंड्याचा भाव स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतःच हसायचे.

जुन्या सातबाऱ्यांवर आणि मतदारयाद्यांत अशी नावं रांगेने सापडतात: दगडू, केरू, भिकू, कोंडिबा, उकिर्डा, नथू. नथू म्हणजे बहुधा मुलगी भासावा म्हणून नाक टोचलेला मुलगा. हे काही फक्त अडाण्यांचं खूळ नव्हतं. शंभर वर्षं जगून भारतरत्न झालेले महर्षी कर्वेसुद्धा धोंडो केशव. अर्थात प्रत्येक धोंडूमागे गेलेली भावंडं असतीलच असं नाही. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही कुणी धोंडू व्हायचा. पण आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून माझं एक मत बनलंय. पाळण्यातल्या नावावरून त्या घराची हौस कळते, त्याहून जास्त कळतं ते घर कशाला भ्यायलंय ते.

मरणाची भीती जरा मागे पडलेल्या घरांत दुसरी भीती होती, घराण्याचं नाव बुडायची. म्हणून थोरल्या नातवाला आजोबांचं नाव. आता सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि पोटच्या पोराला हाक तर मारायची! मग घरोघर बाळ, बंडू, आप्पा, नाना, बापू सुरू झाले. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरी बाळ म्हणत, तेच देशभर झालं. आमच्या आजीच्या सासऱ्यांचं नाव रामचंद्र. त्यामुळे ती रामफळाला ‘सीताफळाचा दादा’ म्हणायची. बाजारात भाजीवालीपुढे बोट दाखवून, तेही पदर सावरत. सासरे जाऊन वीस वर्षं झाल्यावर आम्ही पोरांनी तिला खोदून विचारलं, “आजी, आता कोण ऐकतंय?” ती म्हणाली, “ते नसतील ऐकत रे, माझी जीभ ऐकत नाही.”

मुलींच्या नावांची कथा याहून वेगळी. पाळण्यातलं नाव लग्नापुरतं. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. जुनं नाव तांदळासकट उचललं जायचं. १८६५ साली जन्मलेली यमुना जोशी घराण्यात आनंदी झाली आणि त्याच नावाने १८८६ मध्ये डॉक्टर. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमा झाली. दोन्ही यमुना आज आपल्याला सासरच्या नावानेच ठाऊक आहेत. आजीचं माहेरचं नाव कृष्णा, वाईच्या नदीवरून ठेवलेलं. सासरी ती लक्ष्मी. कृष्णा म्हणून हाक मारणारं शेवटचं माणूस धोंडूमामाच. ते गेले त्या दिवशी आजी म्हणाली, “आता माझं एकच नाव उरलं.” आम्ही तेव्हा ते नीट ऐकलं नाही, बायकांच्या रडण्यातलं एक वाक्य म्हणून सोडून दिलं.

मुलगीच नको असायची तिथे नाव असायचं नकुशा. ही जुन्या काळची गोष्ट वाटावी, पण २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त ‘नकुशां’चा सरकारी कार्यक्रमात पुन्हा नामकरण सोहळा झाला. बऱ्याच जणींनी नवी नावं स्वतः निवडली. सिनेमातल्या नट्यांची, देवींची, काहींनी ऐश्वर्या.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहायचे. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांच्याकडे नावांचा इतिहास हजेरीपटातून आलेला. ते सांगायचे, पन्नाशीच्या दशकात एका ओळीत दोन काळ दिसायला लागले: बाप कचरू, मुलगा सिद्धार्थ. वस्तीतल्या माणसाला कचरू, धुळ्या असलं नाव बाहेरून चिकटवलं जायचं आणि त्याला अरे-तुरेची जोड असायची. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत काढलेल्या कॉलेजचं नाव सिद्धार्थ, औरंगाबादेत १९५० मध्ये काढलेल्याचं मिलिंद. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि मग पाळण्यापाळण्यात गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा आले. गुरुजी म्हणायचे, “हजेरी घेताना माझ्याच तोंडाला वळण लागलं. संघमित्रा म्हणून हाक मारली की पुढे ‘ए’ लावताच येत नाही.” माझ्या मताला इथे पहिला धक्का बसतो. ही नावं भीतीपोटी आलेली नाहीत, ती भीती झुगारून आलेली आहेत.

उरलेल्या महाराष्ट्रात तोवर नावं देवघरातून बाहेर पडून नाटकघरात आणि मैदानावर पोचली होती. मास्टर दीनानाथांच्या थोरल्या मुलीचं नाव आधी हेमा. ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली. पुढे तिच्यामुळे किती घरांत लता, आशा, उषा आल्या ते आमच्या वर्गाला विचारा. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व, म्हणजे रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ असे तीन फलंदाज एकाच पाळण्यात. रमेश तेंडुलकरांनी धाकट्याला सचिन देव बर्मनवरून सचिन केलं. नव्वदीत त्या सचिनवरून इतके सचिन झाले की वर्गात त्यांना आडनावानेच ओळखायची वेळ आली.

आताच्या पिढीची भीती तिथूनच सुरू झाली असावी: आपलं मूल गर्दीतलं एक होईल ही. भाच्याला मुलगी झाली तेव्हा नावासाठी घरच्या व्हॉट्सॲप गटावर मतदान घेतलं. अटी अशा: छोटं हवं, वर्गात दुसरं नको, जोडाक्षर नको, परदेशात गोऱ्यांना म्हणता यावं, आणि शिवाय राशीचं अक्षर. अक्षरासाठी त्याच्या सासूबाईंनी पंचांग काढलं. आर्द्राचं तिसरं चरण आलं. अक्षर निघालं ‘ङ’. तासभर गटावर शुकशुकाट. शेवटी राशीचं नाव कागदावर, ठेवायचं ते आवडीचं, असा तोडगा निघाला. हा तोडगाही जुनाच. पूर्वी करणीच्या धास्तीने जन्मनाव झाकूनच ठेवत.

मी ‘कृष्णा’ सुचवलं. सूनबाई म्हणाली, “आत्या, छान आहे, पण ते मुलाचं वाटतं.” मत पडलं एक, माझंच. नाव ठरलं कायरा. अर्थ विचारला तर तीन संकेतस्थळांनी तीन सांगितले. बारशाला भाच्याची बहीण डब्लिनहून पडद्यावर आली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, तिने फोनमधूनच ‘कुर्रर्र’ केलं, आणि बायकांनी पाठीत धपाटे घालायचे ते फोनलाच घातले. घुगऱ्या मात्र खऱ्या होत्या.

मला कायरा फारसं आवडलेलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. अर्थ ठाऊक नसलेलं नाव मला अजून भाड्याने आणल्यासारखं वाटतं. पण या बाळाच्या बाबतीत दोन गोष्टी आमच्या घरात पहिल्यांदाच होतायत आणि त्या मला कुठल्याही सुंदर नावापेक्षा मोलाच्या वाटतात. राज्य सरकारच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. आणि हिचं नाव उद्या कुणी तांदळात पुसायला जाणार नाही. एवढं करून तिला ते नाही आवडलं, तर अठरा पूर्ण झाल्यावर राजपत्रात जाहीर करून बदलून घ्यायची सोय आहे. त्यासाठी आत्याला विचारायचीही गरज नाही.