रक्तपेढीतील ठेवीचा हिशेब

शरीराबाहेर येताच काही मिनिटांत गोठणारे रक्त साठवून ठेवता येईल, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी कोणालाही पटली नसती. इ. स. १९०१ मध्ये व्हिएन्ना येथील कार्ल लांडस्टायनर ह्यांनी रक्तगटांचे कोडे उलगडले, तरी रक्त द्यावयाचे तर दाता आणि रोगी ह्यांस शेजारी निजवावे लागे. १९१४ साली ब्रसेल्समध्ये हुस्टिन व ब्वेनोस आयरेसमध्ये आगोते ह्यांनी रक्त गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट मिसळले, आणि पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या लुइसन ह्यांनी त्याचे निर्धोक प्रमाण ठरविले. ह्याच पायावर ऑस्वल्ड रॉबर्टसन ह्या लष्करी वैद्याने १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर लढाईपूर्वीच रक्त गोळा करून बर्फात जपून ठेवले. अशा साठ्याला 'पेढी' हे नाव मात्र १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस ह्यांनी दिले.

पेढी म्हटली की ठेव आली, आणि ठेवीला मुदतही आलीच. १९४३ मध्ये लूटिट व मॉलिसन ह्यांच्या द्रावणामुळे ही मुदत २१ दिवसांवर गेली. पुढे ती ३५ आणि काही द्रावणांत ४२ दिवसांपर्यंत वाढली. तथापि मुदत वाढली म्हणून नासाडी थांबली, असे मात्र झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेड क्रॉसने १ कोटी ३० लाखांहून अधिक पिंट रक्त जमविले. त्यातील बहुतेकांचा रक्तद्रव सुकवून आघाडीवर धाडण्यात आला. मागे राहिलेल्या तांबड्या पेशी बहुतांशी टाकून दिल्या गेल्या. १९५० मध्ये कार्ल वॉल्टर ह्यांनी काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकची पिशवी आणली, तेव्हा रक्ताचे घटक सुलभपणे वेगळे करण्याची वाट मोकळी झाली. तेव्हापासून एकाच दात्याच्या पिशवीतून तांबड्या पेशी एकाला, रक्तद्रव दुसऱ्याला व प्लेटलेट तिसऱ्याला देता येऊ लागले.

शास्त्राने एवढे केल्यावर उरला प्रश्न माणसांच्या सवयींचा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सावधगिरी म्हणून दोन-चार पिशव्या रोग्याच्या नावे जुळवून राखून ठेवावयाच्या, आणि त्या न वापरताच परत यावयाच्या, ही रीत सर्वत्र रूढ होती. राखलेली पिशवी त्या काळात दुसऱ्या कोणाच्याही कामी येत नाही. तिचे वय मात्र वाढत राहते. १९७६ साली मिशिगन विद्यापीठातील फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष किती रक्त लागते हे पाहून, त्याप्रमाणेच मागणी करावी असे कोष्टक मांडले. ज्या शस्त्रक्रियेत रक्त क्वचितच लागते, तिच्यासाठी रोग्याचा गट व प्रतिपिंडे तपासून ठेवणे पुरेसे ठरले. मागविलेली पिशवी कक्षात नुसती पडून राहणे हे नासाडीचे दुसरे कारण. शीतकपाटाबाहेर ३० मिनिटांहून अधिक काळ राहिलेले रक्त पुन्हा साठ्यात घेऊ नये, असा नियम अनेक ठिकाणी पाळला जातो. येथे नासाडीचे मूळ शास्त्राच्या उणिवेत नसून परिचर, परिचारिका आणि पेढी ह्यांच्यातील चुकलेल्या मेळात असते.

ह्या बाबतीत मुंबईने जगाला एक अनोखा धडा दिला आहे. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनी 'बॉम्बे रक्तगट' प्रसिद्ध केला. ह्या दुर्मिळ गटाच्या रोग्यास त्याच गटाचेच रक्त चालते. रोगी केव्हा येईल ह्याचा नेम नसल्याने पिशव्या भरून ठेवल्या तर त्यांची मुदत संपण्याचेच भय अधिक. म्हणून अशा दात्यांची नोंद ठेवून गरज पडताच त्यांस बोलावण्याची पद्धत पडली. त्यांच्या बाबतीत दात्याचे शरीर हेच सर्वोत्तम भांडार ठरले.

हाच विवेक इतर गटांसही लागू आहे. एखाद्या जयंतीला एकदम शिबिरे भरवून पेढी तुडुंब भरावयाची आणि उन्हाळ्यात रोग्याच्या नातलगांनी दारोदार हिंडावयाचे, ह्यात दात्याच्या औदार्याला उणेपणा नाही. उणेपणा हिशेबात आहे. प्लेटलेट सामान्यतः अवघे पाच दिवस टिकतात, हे ठाऊक असलेल्या पेढीने दात्यास 'आज नको, पुढील महिन्यात या' असे सांगितले, तर त्याने त्यात अपमान मानू नये. आपल्या दानाची राखण करणारी पेढीच असे सांगते.