'सति' आणि वृक्षमूल : जुन्नर-आंबेगाव परिसरातील निसर्गशिक्षणाची पूर्वपीठिका

पर्यावरणाचे शिक्षण देताना विद्यार्थ्यांस काही काळ स्तब्ध बसवावे, श्वासाकडे आणि भोवतालच्या ध्वनींकडे लक्ष देण्यास शिकवावे, हा विचार अलीकडे शिक्षणशास्त्रात रूढ होत आहे. त्याचे मूळ पालि ग्रंथांतील 'सति' या संकल्पनेत शोधले जाते. परंतु हा शब्द स्वतः काय सांगतो, हे पाहण्याचा आळस बहुधा केला जातो. 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति'. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी प्रतिशब्द योजला आणि तेव्हापासून शब्दाचा भर आठवणीवरून अवधानाकडे क्रमाने सरकत गेला. मराठीत आपण 'सजगता' म्हणतो, तो या सरकलेल्या अर्थाचाच अनुवाद होय. 'सय येणे' यातील 'सय' प्राकृत 'सइ' या रूपाच्या द्वारे 'स्मृति'शीच जोडला जातो. त्यात आठवणीचा अर्थ अद्याप शाबूत आहे. सतीत तत्क्षणीचे अवधान नाही असे नव्हे. तथापि ज्याचे भान ठेवावयाचे ते विसरू न देणे, हेही तिचेच कार्य आहे.

हे भान भिक्षूंच्या आचारात कसे उतरले, याची साक्ष विनयपिटकात आहे. पावसाळ्यात भिक्षू हिरवे गवत तुडवीत व क्षुद्र जीवांचा घात करीत हिंडतात, अशी लोकांची तक्रार आली आणि वर्षावासाचा नियम झाला, असे महावग्ग सांगतो. वनस्पती तोडणे, जमीन खणणे, सजीव असलेले पाणी मातीवर ओतणे, यांसही निषेध होता. हे नियम आजच्या अर्थाने पर्यावरणवादी होते, असे मानण्याचे मात्र कारण नाही. त्यांत लोकापवादाचे भय आहे, तसेच वनस्पतीत जीव आहे ही तत्कालीन समजूतही आहे.

अशा वर्षावासासाठी जुन्नरसारखे स्थान सह्याद्रीत दुसरे क्वचितच सापडेल. नाणेघाटाच्या माथ्याजवळचे हे व्यापारी नगर. त्याच्या भोवतीच्या शिवनेरी, मानमोडी, तुळजा व लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव कामे आहेत. लेण्याद्रीवर आज गिरिजात्मजाचे मंदिर आहे, तो मूळचा वीस खोल्यांचा विहार होय. येथील ब्राह्मी लेखांचे विषय लक्षात घेण्याजोगे आहेत. गतांपैकी इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात गर्भांचे लेणे आणि पोढी दिली. महाक्षत्रप नहपानाचा वत्सगोत्री अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी पोढी व मंडप केला. हे वर्ष शक संवताचे मानल्यास इ. स. १२४ येते. दात्यांची जात, देश, धंदा बदलतो. पाणी बदलत नाही.

याहून विलक्षण आहे तो आडुथुम नावाच्या शक उपासकाचा लेख. त्यात कोणाचिक श्रेणीचा निर्देश असून वडालिका येथील वीस निवर्तने 'करंजमूल' आणि कटपुतक येथील नऊ निवर्तने 'वडमूल' अशी नोंदलेली आहेत. करंजाची व वडाची लागवड करण्यासाठी ही जमीन दिली, असा अर्थ बर्जेसच्या काळापासून लावला जातो. अक्षरशः पाहता शब्द एवढेच सांगतो की जमीन करंजाच्या, वडाच्या मुळाशी आहे. झाडे लावावयाची होती की झाडांवरून जमिनीची ओळख होत होती, हा प्रश्न खुला ठेवणेच बरे. कोणताही अर्थ घेतला तरी झाडाचे नाव दगडात कोरले गेले. करंज आणि वड ही नावे जवळजवळ दोन हजार वर्षांनंतर त्याच रूपात मराठीत बोलली जातात, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास सहज सोडवत नाही.

'मूल' हा शब्द येथे आणखी एका अंगाने बोलका ठरतो. सतिपट्ठानसुत्तात साधकाने अरण्यात, 'रुक्खमूल' म्हणजे झाडाच्या तळाशी, अथवा शून्यागारात बसावे, असे म्हटले आहे. वृक्षमूलातील निवास हा भिक्षूच्या चार आधारांपैकी एक होता. आडुथुमाच्या 'मूला'चा ध्यानासनाशी संबंध होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. तसा तर्क करणे म्हणजे शब्दसादृश्यावर इतिहास उभारणे होय. मात्र ज्या सुत्तात झाड हे बसण्याचे स्थान आहे, त्याच परंपरेच्या दानलेखात झाड हे जमीन, श्रेणी आणि दाता यांच्या जबाबदारीचे नाव आहे, एवढे म्हणता येते.

दक्षिणेस आंबेगाव तालुक्यात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आलेली दिसते. आहुपे परिसरातील देवराया बौद्ध नव्हेत. तेथे देवाचे भय आणि गावाचा नियम कुऱ्हाड रोखून धरतो. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील अशा रायांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. पण देवराईतील भान डोळे मिटून येणारे नाही. काय तोडावयाचे नाही, ते पिढीने पिढीस सांगावे लागते. अर्थाने ते 'सय'च्या अधिक जवळचे आहे.

याच तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे दगावली. अतिवृष्टी, उताराची रचना, जंगलतोड, शेतीसाठी केलेले सपाटीकरण यांपैकी कशाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. उताराचे आणि ओढ्यांचे वाचन येथील मुलांना अवगत होणे ही चैन नाही, याबद्दल मात्र मतभेद होण्याचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ व २००३ च्या आदेशांनी पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य झाला. इगतपुरीस १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र चालू आहे आणि शासनाच्या 'मित्र उपक्रमा'तून आनापान शाळांतही गेले. एक पुस्तकाचा तास, दुसरा श्वासाचा; दोहोंची गाठ पडावी असे स्थळ जुन्नरात आहे, ते म्हणजे पोढी. मुलांनी तिच्यापाशी गप्प बसावे, थेंब ऐकावा, येथपर्यंत आजची पद्धत पुरते. पाणी कोणत्या उतारावरून येते, कातळातील चर कोणी कोरले, गाळ कोण काढीत असे आणि त्याचा खर्च कोणाच्या दानातून होई, हे प्रश्न त्यानंतरचे. त्यांपैकी पहिला कातळावर चालून सुटतो. दुसऱ्याचे काही उत्तर शेजारच्या भिंतीवर ब्राह्मीत असते, आणि शेवटच्या दोहोंसाठी लेखांतील श्रेणींकडे वळावे लागते.