पापणी झुकते, पण आजार छातीत असतो

डोळ्याची तक्रार म्हणजे डोळ्याचाच आजार, असे आपण धरून चालतो. दर वेळी ते खरे नसते. हे समजायला वैद्यकशास्त्राला दोनशे वर्षे लागली.

१७२७ मध्ये फ्रान्सच्या पूरफूर द्यू प्ती यांनी कुत्र्यांच्या मानेतला एक मज्जातंतू कापला, तर त्या बाजूच्या डोळ्याची बाहुली लहान झाली. १८३८ मध्ये इंग्लंडचे डॉक्टर एडवर्ड हेअर यांनी एका रुग्णाची नोंद केली. मानेच्या मुळाशी गाठ, हातात कळा, त्याच बाजूची बाहुली बारीक आणि पापणी खाली आलेली. १८६९ मध्ये झुरिकचे नेत्रतज्ज्ञ योहान हॉर्नर यांनी या लक्षणांचे नीट वर्णन केले, म्हणून याला 'हॉर्नर सिंड्रोम' म्हणतात.

पुढचा दुवा एक्स-रेमुळे जुळला. फिलाडेल्फियाचे हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ आणि १९३२ मध्ये छातीच्या अगदी वरच्या टोकाला होणाऱ्या गाठींकडे लक्ष वेधले. या गाठी फुफ्फुसाच्या आहेत, असे त्यांना स्वतःला वाटत नव्हते. पण बहुतेक गाठी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्याच असतात, हे पुढे स्पष्ट झाले.

छातीचा आणि पापणीचा संबंध कसा? डोळ्याकडे जाणारा हा मज्जातंतू मेंदूतून पाठीच्या कण्यात उतरतो, छातीत बाहेर पडतो, फुफ्फुसाच्या टोकावरून वळून मानेतून परत वर चढतो. तिथे गाठ झाली की तो दाबला जातो. शेजारूनच हाताच्या नसा जातात, म्हणून खांदा आणि करंगळीपर्यंत हात दुखतो. गाठ मोठ्या श्वासनलिकांपासून दूर असल्याने सुरुवातीला खोकला नसतो. मग महिनोन् महिने खांद्याला मलम आणि शेक चालू राहतो.

घाबरू नका. पापणी झुकण्याची, बाहुल्या लहानमोठ्या असण्याची बहुतेक कारणे कॅन्सरची नसतात. पण एका बाजूची पापणी नव्याने झुकली, तीच बाहुली लहान दिसली (अंधुक उजेडात फरक जास्त कळतो) आणि खांदा रात्रीही दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बिडी-सिगारेट ओढत असाल तर तेही सांगा. हे सारे अचानक, मानदुखीसह झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानेतली रक्तवाहिनी फाटलेली असू शकते.