पावकीपासून दशांशापर्यंत

पंचवटींतील घरांना गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार म्हणजे हिशेबाची दुसरी शाळाच. या शाळेची भाषा १ एप्रिल १९५७ रोजीं बदलली. तोंवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असा हिशेब चाले; त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले.

जुन्या मराठी शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हीं कोष्टकें घोकून घेत. जमाखर्चांत पाव एका उभ्या रेघेनें, अर्धा दोहोंनीं व पाऊण तिहींनीं दाखवीत. रेघा जितक्या अधिक, तितकी किंमत अधिक. लहानमोठेपणा डोळ्यांनाच दिसे. युरोपांत सायमन स्टेविन यानें १५८५ सालीं ज्या दशांश अपूर्णांकांचा पुरस्कार केला, ते नव्या नाण्यांबरोबर घरोघरीं आले आणि तेच तीन भाग ०.२५, ०.५ व ०.७५ असे लिहिले जाऊं लागले. येथें डोळा फसतो. पांचाहून पंचवीस मोठे, म्हणून ०.५ हून ०.२५ मोठे, असें मूल सहज म्हणतें. यांत त्याचा आळस नाहीं. अंक अधिक तर संख्या मोठी, हा पूर्णांकांत शिकलेला नियम तें प्रामाणिकपणें लावीत असतें.

ही चूक पाटीवरच राहत नाहीं. पांच रुपये पांच पैसे ही रक्कम ५.५ अशी मांडली, कीं पंचेचाळीस पैशांचा फरक पडतो, ती ५.०५ अशीच लिहिली पाहिजे.

या अडचणीवरचा उपाय नव्या नाण्यांतच होता. दहा पैशांचें नाणें हा रुपयाचा दशांश आणि एक पैसा हा शतांश. ०.५ म्हणजे दहा पैशांचीं पांच नाणीं, ०.२५ म्हणजे तशीं दोन नाणीं व वर पांच पैसे. नाणीं मांडलीं, कीं वाद मिटतो. मग ०.५ ला ०.५० असें लिहून दोन्ही संख्यांचीं स्थानें सारखीं करावीं, आणि प्रथम पूर्णांक, मग दशांश, मग शतांश अशी डावीकडून तुलना करावी. वाचतांनाहि ‘शून्य दशांश पंचवीस’ न म्हणतां ‘शून्य दशांश दोन पांच’ म्हणावें. पंचविसाचा भ्रम तेथेंच तुटतो.

‘नवा पैसा’ यांतील ‘नवा’ हा शब्द १९६४ सालीं गेला, आणि पंचवीस व त्याहून कमी पैशांचीं नाणीं २०११ सालीं चलनांतून बाद झालीं. आजच्या मुलाच्या हातीं दशांशाचें नाणें नाहीं. परंतु १९५६ च्या कायद्यानें आलेलीं दशमान वजनें आहेत. अर्धा पाव, पाव व अर्धा किलो भाजी अनुक्रमें ०.१२५, ०.२५० व ०.५०० किलो भरते. तीन जुड्या तराजूंत घालून त्या चढत्या क्रमानें लावावयास सांगितल्या, तर मूल हा धडा हातानेंच शिकतें. आणि आजोबांची पावकी व नातवाचा दशांश एकाच तागडींत बसतात.