अंदाज बरोबर होता, तरीही…
(थ्रेड)

१/
१२ जानेवारी १८८८, गुरुवार. अमेरिकेतील डकोटा आणि नेब्रास्काच्या माळरानांवर कित्येक दिवसांच्या कडाक्यानंतर ऊबदार सकाळ उगवली होती. शेतकरी गुरे बाहेर काढत होते. मुले जाड कोट घरीच ठेवून शाळेला निघाली होती.

२/
ही ऊबच फसवी होती. उत्तरेकडून ध्रुवीय हवा खाली सरकत असताना तिच्या पुढ्यात दक्षिणेची उष्ण हवा वर ओढली जात होती. जी झुळूक लोकांना सुखावत होती, तीच वादळाची अग्रदूत होती.

३/
मग कोणालाच हे ठाऊक नव्हते का? होते. अमेरिकेत १८७० पासून हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होते. ठिकठिकाणच्या नोंदी तारेने येत आणि नकाशावर मांडल्या जात. सेंट पॉल येथील लेफ्टनंट थॉमस वुड्रफ यांनी १२ तारखेच्या अंदाजात डकोटा व नेब्रास्कासाठी थंडीची लाट आणि वाऱ्याने साचणारे बर्फ, दोन्ही वर्तवले होते.

४/
परंतु त्यांनी लाटेची वेळ दिली ती ‘आज रात्री आणि उद्या’ अशी. वादळ रात्रीपर्यंत थांबले नाही. पूर्व नेब्रास्कात ते दुपारी, शाळा सुटण्याच्या सुमारास येऊन आदळले. पिठासारख्या बारीक बर्फात हातभर अंतरावरचेही दिसेना.

५/
दुसरा प्रश्न पोहोचण्याचा. थंडीच्या लाटेचे निशाण, म्हणजे पांढऱ्या कापडावरील काळा चौकोन, तारयंत्र असलेल्या गावांतच फडकू शकत असे. माळावरच्या एकखोली शाळेपर्यंत ना तार होती, ना निशाण.

६/
तेथे निर्णय शिक्षिकेचा होता. नेब्रास्कातील मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचे छप्पर वाऱ्याने उडाले. तिने मुलांना जवळच्या शेतघरी सुखरूप नेले. सर्वांचे दैव असे नव्हते. मृतांचा आकडा साधारणतः २३५ सांगितला जातो. त्यांत शाळेतून परतणारी मुले इतकी होती की इतिहासात हे ‘मुलांचे हिमवादळ’ म्हणून नोंदले गेले.

७/
१८९१ मध्ये हवामान खाते लष्कराकडून कृषी विभागाकडे गेले. या बदलामागे लष्करी कारभाराविषयीची अनेक वर्षांची नाराजी होती. एकट्या या वादळाला त्याचे श्रेय देणे अनैतिहासिक ठरेल.

८/
या घटनेकडे ‘विज्ञानाचे अपयश’ म्हणून पाहिले, तर तिचा गाभाच निसटतो. वादळ येणार हे नकाशावर दिसले होते. उणीव राहिली ती दोन ठिकाणी: वेळेच्या अचूकतेत आणि तारेच्या शेवटच्या खांबापासून शाळेच्या दारापर्यंतच्या अंतरात. अंदाज वर्तवल्याने इशारा पूर्ण होत नाही. तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या कानी वेळेत पडावा लागतो.